चौक अजून मायकोचाच

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालात, तर रिक्षावाला आजही 'मायको सर्कल' म्हणूनच थांबतो. ज्या कारखान्यावरून हे नाव पडलं, त्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने 2008 मध्ये मायको (मोटर इंडस्ट्रीज कंपनी) हे नाव सोडून आपल्या जर्मन मूळ कंपनीवरून 'बॉश लिमिटेड' घेतलं. गेटवरची पाटी बदलली, पण चौक कुणाच्या परिपत्रकाने बदलत नसतो.

बॉशने कामगारांसाठी 'बॉश-त्स्युंडर' हे नियतकालिक जर्मनीत 1919 मध्ये सुरू केलं. तेव्हा लिहिणारे-वाचणारे बहुतेक जर्मनच. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीच्या कामगारांशी बोलायचं कसं, हा पेच पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, परदेशांत कारखान्यांचं जाळं पसरलं तेव्हा. 1950 च्या दशकात अमेरिकी मुत्सद्द्यांना शिकवणाऱ्या एडवर्ड हॉल यांनी शब्दांपलीकडच्या बोलण्याकडे लक्ष वेधलं. काही समाजांत सगळं तोंडाने सांगावं लागतं, काहींत बरंचसं न सांगता कळतं. आपलंच बघा ना! सुपरवायझर 'बघतो साहेब' म्हणाला की शेजारच्या मशीनवरच्याला कळतं, हे काम आज होत नाही. परदेशी साहेब मात्र वहीत 'होकार' लिहून मोकळा.

पुढे डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळातल्या, अनेक देशांतल्या आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासून प्रत्येक देशाच्या संस्कृतीला गुणांचे आकडे दिले. कंपन्यांना ते सोयीचे वाटले. अख्खा भारत एका आकड्यात बसवणं मला मात्र कधी पटलं नाही. नाशिककर आणि पुणेकर एकाच रकान्यात?

आपल्याकडे कारखान्याच्या गेटवर मराठी सूचनांचा बोर्ड लागला तो या अभ्यासांमुळे नव्हे, कायद्यामुळे. स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांचा) 1946 चा कायदा आणि 1948 चा कारखाना अधिनियम, 2025 मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत दोन्ही सांगत की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये. म्हणजे सातपूर-अंबडच्या वसाहती उभ्या राहण्याआधीच हा नियम होता.

आजची वाटणी साधारण अशी असते: लोगो, आर्थिक निकाल आणि आचारसंहिता मुख्यालयाकडे, युनियन, स्थानिक पत्रकार आणि गेटवरच्या सूचना प्लांटच्या एचआरकडे. आचारसंहितेचं मराठी भाषांतर बरेचदा इतकं जड असतं की कामगार शेजारची इंग्रजी प्रतच वाचतो. त्याच बोर्डावर दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्केचपेनने लिहिलेला कागद लागतो: 'खंडेनवमी. मशीन पुसून ठेवा. पूजा अकरा वाजता.' तो सगळे वाचतात.