गुडघ्यातील गादीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट कूर्चा असतात, एक आतल्या बाजूला व एक बाहेरच्या बाजूला. वैद्यकात त्यांना मेनिस्कस म्हणतात. रोजच्या बोलण्यात ती गुडघ्याची ‘गादी’. फाटलेली गादी दुर्बिणीतून कापून नीट केली किंवा शिवली, की गुडघा पुन्हा रोजच्या वापरात येईपर्यंत जे करावे लागते ते पुनर्वसन. कातडीवर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे दोन-तीन छेद असतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. त्यामुळे आठवड्याभरात सगळे पूर्ववत होईल, असे घरच्यांनाही वाटते आणि रुग्णालाही. चाळिशी-पन्नाशीत हा अंदाज सहसा चुकतो.

कारण गादीच्या रचनेतच आहे. तिच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो; आतला भाग रक्ताविना असल्याने फाटल्यावर आपोआप सांधत नाही. तरुणपणी गादी फाटते ती कबड्डीत किंवा क्रिकेटच्या मैदानात, पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटल्याने. मध्यमवयात ती आधीच विरलेली असते, आणि मांडी घालून बसल्यावर उठताना किंवा जिना उतरताना गुडघ्यामागे ‘कट्’ असा आवाज येऊन दुखणे सुरू होते. अनेकांना तर काहीच आठवत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील पन्नाशीपुढच्या नागरिकांच्या एमआरआय तपासणीत (२००८) गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघेदुखी अशी नव्हतीच. म्हणजे एमआरआयच्या अहवालातली चीर हेच दुखण्याचे कारण आहे, असे गृहीत धरता येत नाही.

दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये केली. त्याआधी सांधा उघडून पूर्ण गादीच काढून टाकत. अशा गुडघ्यांची पुढे झीज होते हे टी. जे. फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेवरून दाखवले होते. आजचा नियम शक्य तेवढी गादी राखण्याचा आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने विचारायचा पहिला प्रश्न एकच : गादी कापली की शिवली? कापली असेल तर बहुधा त्याच दिवसापासून वॉकर किंवा कुबडीच्या आधाराने पायावर भार देता येतो. शिवली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या, गुडघा नव्वद अंशांपुढे वाकवायचा नाही, आणि उकिडवे बसणे चार-सहा महिने बंद. गादीचे मूळच हाडापासून सुटले असेल व ते शिवले असेल, तर काही आठवडे पाय टेकवायलाही मनाई असते. शेजारी ‘मी तर तिसऱ्या दिवशी चालायला लागलो’ म्हणतो तेव्हा त्याची गादी कापलेली असते. त्याचा सल्ला शिवलेल्या गुडघ्याला लावला तर टाके तुटण्याचा धोका असतो.

सर्वांत मोठे काम मांडीच्या पुढच्या स्नायूचे असते. सांध्यात थोडे जरी पाणी साठले तरी हा स्नायू जणू झोपी जातो आणि काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. त्यावरचा व्यायाम दिसायला फार साधा आहे. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबत वाटी मांडीकडे ओढली जाईल असा स्नायू आवळायचा, पाच-सात सेकंद धरायचा, सोडायचा. सुरुवातीला वाटी हलतच नाही. पुष्कळ जण तिथेच नाद सोडतात. पुढे सरळ पाय उचलणे, टाच अंथरुणावरून सरकवत आणणे, मग सायकल. व्यायाम झाला की गुंडाळी काढून ठेवायची. दुखते म्हणून गुडघ्याखाली रात्रभर उशी घेण्याची सवय मात्र घातक, कारण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उशी घ्यायची तर टाचेखाली. बर्फाचा शेक कपड्यातून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे. तेल लावून जोरात चोळणे टाळावे.

नाशिककडचे जगणे बरेचसे जमिनीवरचे आहे. पंगत, पूजा, भाजी निवडणे, बसका संडास. या साऱ्यात गुडघा पूर्ण वाकतो आणि सगळा दाब गादीच्या मागच्या भागावर येतो. चिरही बहुतेकदा तिथेच असते. घरी परतण्याआधी कमोड खुर्चीची सोय करणे हे औषधांइतकेच महत्त्वाचे आहे. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनचा. चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला जड जाते, हे पांडवलेण्यांच्या पायऱ्या उतरताना कोणालाही जाणवेल. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे नवस फेडायला सुमारे पाचशे पायऱ्या चढण्याची सक्ती उरलेली नाही. ब्रह्मगिरीची फेरी मात्र त्या वर्षापुरती सोडून द्यावी.

टेबलावरचे काम करणारा गादी कापल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात दिवसभर उभे राहणाऱ्याला सहा आठवडेही लागतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत तर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी पुढे ढकलता येत नाही, आणि रोजावर जाणाऱ्या बाईला विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर थांबू नये. तसे नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख बागेच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवण्यात काहीच गैर नाही.

किंबहुना शस्त्रक्रिया लागतेच का, हे आधी विचारावे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांपैकी काहींची फाटकी गादी खरोखर कापली, तर बाकीच्यांचे फक्त छेद घेऊन ऑपरेशनचा देखावा केला. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते (२०१३). झिजून फाटलेल्या गादीसाठी आधी तीन महिने नेटाने व्यायाम, हेच धोरण योग्य ठरते.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. सूज दीड-दोन महिने कमी-जास्त होत राहते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पोटरी दुखून सुजणे, ताप येऊन गुडघा लाल होणे, जखमेतून पू येणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि तीन-चार महिन्यांनंतरही चालताना दुखतच असेल, तर पुन्हा दुर्बीण घालण्याआधी उभे राहून एक्स-रे काढावा. दुखणे गादीचे नसून सांध्याच्या झिजेचे असू शकते, आणि त्यावर मांडीची ताकद वाढवणे व वजन उतरवणे हाच पहिला उपचार आहे.