पहिली सिनॉप्सिस आणि शेवटची सिनॉप्सिस: गाईडकडं कुठली न्यायची?

आपल्याकडं सांगली-साताऱ्यात पीएचडीला लागलेल्या पोरांचा हा घोळ ठरलेलाच. गाईड म्हणतात सिनॉप्सिस (संशोधनाची थोडक्यात मांडणी) लिहून आणा, की पोरगं कुठल्यातरी सीनियरची थिसिस जमा करतानाची सिनॉप्सिस मिळवतं आणि त्याच साच्यात आपला विषय बसवून नेतं. अहो ती शेवटची झाली, तुम्हाला काम सुरू करायच्या आधीची, पहिली हवीय!

शेवटचीचं काय, काम संपलेलं असतं, काय केलं, काय सापडलं, कुठल्या प्रकरणात काय, एवढं लिहिलं की झालं.

पहिलीत अजून काहीच सापडलेलं नसतं, तरीपण पोरं 'या अभ्यासातून असे सिद्ध होते' लिहून मोकळी होतात. तिथं फक्त काय शोधणार आणि कसं शोधणार हे सांगायचंय. समजा सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यानं शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त आले का, हा तुमचा प्रश्न. गाईड पहिल्यांदा हेच विचारणार की दर तर आवक-मागणीनं पण वरखाली होतो, मग जीआयचा परिणाम वेगळा कसा काढणार? आणि सांगलीच्या मार्केटला बाहेरून पण हळद येते, ती धरणार का सोडणार? याला उत्तर नसेल तर उद्दिष्टं पाच लिहा नाहीतर पंधरा, काय उपयोग नाही. माझं मत विचाराल तर दोन-तीनच लिहा, आणि प्रत्येकापुढं माहिती कुठनं मिळणार ते लिहा, बाजार समितीचं रेकॉर्ड का शेतकऱ्यांच्या मुलाखती, मुलाखती असतील तर कुठला तालुका, किती जण आणि तेच का.

गाईडशी हे बोलताना खोडाखोड होणारच, वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यानंतर संशोधन सल्लागार समिती आहेच, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणं विषय पक्का करताना आराखडा ती बघते आणि पुढं दर सेमिस्टरला तिच्यापुढं प्रेझेंटेशन द्यावं लागतं. त्यामुळं प्रकरणांची यादी पहिलीत कच्चीच असते, चालतं.

नमुनाच बघायचा तर शोधगंगोत्री ही वेबसाइट उघडा, तिथं सुरुवातीचे आराखडे असतात. शोधगंगा ही दुसरी वेबसाइट, तिथं असतात ते पूर्ण झालेले प्रबंध, तुमच्या विषयावर आधी काय काम झालंय ते तिथं शोधा.