लुटुपुटीचा खेळ

वस्तू किंवा माणूस खरोखर तसा नाही हे पुरते ठाऊक असताना, ठरवून त्याला दुसरे काही मानून केलेला खेळ. भातुकली, दुकान-दुकान, मातीचे बैल जुंपून केलेली शेती ही त्याची नेहमीची रूपे. सोंग हे पाहणाऱ्यालाही सोंग म्हणून माहीत असते, ढोंग त्याच्यापासून लपवलेले असते. झोपेचे सोंग घेणारा मात्र नाव सोंगाचे लावून काम ढोंगाचे करतो.

दीड वर्षाच्या आसपास मूल रिकाम्या वाटीतून ‘पिऊ’ लागते. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी १९८७ साली याचे तीन प्रकार मांडले: एका वस्तूच्या जागी दुसरी मानणे, वस्तूला नसलेला गुण चिकटवणे आणि मुळात नसलेली वस्तू आहे असे धरणे. त्यांचे गाजलेले उदाहरण केळ्याचा टेलिफोन करण्याचे. जळगावच्या केळीपट्ट्यातल्या रावेर-यावलकडच्या पोरांना ते वेगळे शिकवायला नको. फोन झाला की तेच केळे सोलून खाल्ले जाते, घोटाळा होत नाही.

खान्देशात ‘मनातले मांडे’ अंगणात उतरतात. फुटक्या माठाचा तळ पालथा घातला की मांडे भाजायचे खापर झाले. नसलेला मांडा या हातावरून त्या हातावर झेलत वाढवायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. पोळीसारखा लाटून टाकणारीला लगेच टोकले जाते. पीठ नाही, पुरण नाही, पण रीत चुकलेली चालत नाही.

चूल नुसत्या काळ्या मातीची केली तर वाळताना तडकते, कारण ही माती ओली असताना फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून दोन ओंजळी मातीत ओंजळभर चाळलेली राख आणि थोडा भुसा मळून चूल सावलीत वाळवतात. गाडीसाठी ज्वारीचा जाड, वाळलेला धांडा लागतो. वरची साल पट्ट्यांनी सोलायची, आतला मऊ गाभा तोडून चाके आणि साटा (गाडीची बैठक) करायचा आणि सालीच्याच काड्या टोचून जोडायचे. धांडा ओला असला तर सुकल्यावर सांधे ढिले पडतात. सालीची धार बोट कापते; ते रक्त तेवढे खरे असते.

खेळ मोडतो तो बहुधा वाटणीवरून: सासू व्हायला सगळ्या तयार, सून कोणीच नाही. दुसरे कारण मोठी माणसे. पाहुणा म्हणून बसवलेल्याने ‘अरे, ही तर माती!’ म्हटले की संपले. नुसते ‘छान’ही पुरत नाही. वाटी तोंडाशी नेऊन ‘मीठ कमी पडलंय’ म्हणावे. लगेच चिमूटभर धूळ पडते आणि वाटी पुन्हा समोर येते.