खनिज शिल्लक असताना खाण का बंद पडते?

विदर्भात वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. कोळशाच्या गावांचा हा आलेख कोकणी माणसाला दूरचा वाटतो, कारण आपल्याकडे कोळसा नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवना थरांतला. कोकणात बहुतेक ठिकाणी लागतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आणि त्यावरचा जांभा. वेंगुर्ला तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीकडे उतरताना मात्र खडक बदलतो. तिथल्या रेडी गावचं लोहखनिज गोव्यातल्या पट्ट्याचंच भावंड आहे: अडीच अब्ज वर्षांहून जुन्या पट्टेदार खडकातली सिलिका पावसाच्या पाण्यानं धुऊन गेली आणि लोखंड मागे उरलं. म्हणूनच ते बरंचसं भुकटीसारखं मिळतं, ज्याला खाणीवर ‘फाइन्स’ म्हणतात.

एका खनिजावर जगणारं गाव साठा संपला की संपतं, ही समजूत चुकीची आहे. माल जमिनीत असतानाच खाण थांबते, आणि त्याची कारणं बहुधा गावाबाहेर असतात.

पहिलं कारण टक्केवारी. हेमटाइट या लोहखनिजात, ते शुद्ध असेल तर, ७० टक्के लोखंड असतं. जगाचा भाव अनेक वर्षं ठरत आला तो ६२ टक्क्यांच्या मालावर. ५५ टक्क्यांच्या मालातून एक टन लोखंड काढायला सुमारे १.८ टन खनिज लागतं, ६२ टक्क्यांच्या मालातून १.६ टन. टिपर, बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) आणि जहाज यांचं भाडं मात्र टनावर असतं, म्हणजे कमी टक्क्यांचा माल पाठवणारा जास्त दगडाचं भाडं भरतो. २०११ च्या सुरुवातीला भाव टनाला १८० डॉलरच्या वर होता, तेव्हा हे खपून गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस निर्यात शुल्क ३० टक्के झालं आणि २०१५ च्या अखेरीस भाव ४० डॉलरच्या आसपास आला. खनिज तेच, जागा तीच, पण जो थर काल माल होता तो आज डंपावर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावर, टाकायची माती झाला.

मग इथेच लोखंड का गाळू नये? तोही मार्ग आहे. पण एक टन कच्च्या लोखंडाला साधारण १.६ टन खनिज, अर्धा ते पाऊण टन कोक (भट्टीसाठी भाजलेला कोळसा) आणि वर चुनखडी लागते. कोकसाठी लागणारा चांगला कोकिंग कोळसा देशात मुख्यतः झारखंडात आहे. किनाऱ्यावरच्या भट्टीला तो बोटीनं आणावा लागतो. कोळशाच्या गावात वीज केंद्र खाणीच्या दारात उभं राहतं. इथे खनिज दारात आणि इंधन समुद्रापार, त्यामुळे कोकचा भाव चढला की भट्टी आधी थंड होते.

दुसरं कारण पाऊस, आणि कोकणात तो निर्णायक आहे. किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पडतो. २० हेक्टर तोंडाच्या खड्ड्यात नुसत्या पावसाचंच ६ लाख घनमीटर पाणी साचतं. जांभ्यातून झिरपणारं वेगळं. हे उपसलं नाही तर खालचे बेंच, म्हणजे खाणीच्या पायऱ्या, बुडतात, उपसलं तर गढूळ पाणी शेताकडे जातं. गाळ बसवण्यासाठी तळी खणतात, पण १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे ३ तास घेतो आणि १ मायक्रॉनचा कण १३ दिवस. आषाढातल्या जोरात तळ्यातलं पाणी काही तासांत बदलतं. म्हणजे जाड गाळ अडतो आणि लाल रंग मळ्यात उतरतो. खालच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते, तळ्याचं गणितच तोकडं असतं.

भिजलेल्या फाइन्सचा धोका समुद्रावरही असतो. जहाजाच्या हादऱ्यांनी कणांमधलं पाणी दाबलं जातं आणि वरून कोरडा दिसणारा ढीग एकाएकी द्रवासारखा वाहून जहाज कलंडतं. २००९ च्या जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजं बुडाली. दोन्हींत भारतीय फाइन्स होत्या. जागेवर करायची चाचणी सोपी आहे: अर्धा ते एक लिटरचा डबा नमुन्यानं अर्धा भरायचा, सुमारे २० सेंटीमीटरवरून टणक पृष्ठभागावर २५ वेळा, एक-दोन सेकंदांच्या अंतरानं आपटायचा. वर पाणी सुटलं किंवा माल पातळ झाला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तो भरायचा नाही. उलट, वर पाणी दिसलं नाही म्हणून माल सुरक्षित असं समजणं धोक्याचं आहे. पावसात उघड्यावर पडलेला ढीग आठवडाभर उन्हात राहिला तरी आतून ओला असू शकतो.

माणसांचा हिशेब वेगळा. कोळशाच्या वसाहतीत घर कंपनीचं असतं, खाण गेली की छप्परही जातं. कोकणात घर, माड आणि भाताचा वाफा स्वतःचा असतो, हा मोठा आधार. पण अनेकांनी त्याच भरवशावर टिपरसाठी कर्ज काढलं, आणि हप्ता खाण चालू आहे की नाही ते विचारत नाही.

म्हणून बंद करण्याची तयारी खाण चालू असतानाच व्हायला हवी. २००३ पासून खाणीचा समापन आराखडा सक्तीचा आहे. त्यात पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. वरची सुपीक माती वेगळी रचली आहे का, डंपाचा एकूण उतार २८ अंशांच्या आत आहे का, पायथ्याशी दगडी गडगा आणि चर आहेत का. तिन्ही ठीक असतील तर डंपावर काजू धरतो.

खड्ड्यात साचलेलं गोडं पाणी किनाऱ्यावर संपत्ती ठरू शकतं, पण बेतानं. समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी उभं असेल तर ते खाली सुमारे ४० मीटरपर्यंत खारं पाणी दाबून धरतं. उपशानं पातळी १ मीटर उतरली की कालांतरानं खाऱ्या पाण्याची सीमा तेवढ्याच पटीनं वर सरकते, आणि शेजारच्या विहिरी आधी मचूळ होतात. पाण्याचा खारेपणा दाखवणारी विद्युतवाहकता मे महिन्यात, पावसाआधी मोजावी. वरच्या पाण्याचा एकच नमुना पुरत नाही, खारं पाणी जड असल्यामुळे तळाशी बसतं, तेव्हा तळाचा नमुनाही घ्यावा. वाहकता २ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की त्या पाण्यावर भाताचं उत्पन्न घटू लागतं आणि पंप बंद करून पावसाची वाट पाहावी लागते.