काळ्या कातळातलं लोखंड, काळ्या कातळातलं मीठ

रत्नागिरीकडच्या एखाद्या चिरेखाणीत नुकताच काढलेला चिरा नीट बघा. तांबड्या दगडात मध्येच पिवळे डाग, जांभळट शिरा, आरपार भोकं. या जांभ्यात लोह भरपूर असतं, तरी लोखंडाच्या खिळ्यासारखा तो चुंबकाला खटकन चिकटत नाही.

कारण ते लोह मोकळं नाही. तांबड्या भागात लोहाच्या दर 2 अणूंमागे ऑक्सिजनचे 3 अणू जोडलेले आहेत. हे हेमॅटाइट. वजनाने त्यात सुमारे 70 टक्के लोहच, पण ठोकून त्याचा पत्रा होत नाही, भुगा होतो. अणुकेंद्रात प्रोटॉन तेच 26, म्हणून मूलद्रव्य लोहच राहतं. ऑक्सिजनशी गुंतले ते बाहेरचे इलेक्ट्रॉन, आणि दगडाचे सगळे गुण तिथेच बदलले. पिवळ्या डागांत हायड्रोजनही सामील असतो, ते गोएथाइट. असा पिवळा खडा निखाऱ्यांत चांगला तापवला की त्यातून पाणी वाफ होऊन जातं आणि खडा लाल होतो. संयुग म्हणजे काय हे मुलांना दाखवायला मला याहून चांगला प्रयोग सुचत नाही.

हे लोह आलं खालच्या काळ्या कातळातून. तो बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात लोहासोबत ॲल्युमिनियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन सगळंच होतं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं. त्या पाण्याने लाखो वर्षं कातळ कुजवला. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून वहाळांतून खाडीला आणि पुढे समुद्राला मिळाले. सिलिकाही बरीचशी गेली. लोहाचं ऑक्सिजनशी झालेलं संयुग मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ॲल्युमिनियमचंही तसंच. म्हणून ती दोन मूलद्रव्यं सड्यावरच, म्हणजे वरच्या कातळपठारावरच, साठत गेली. दापोली-मंडणगड भागात तर ॲल्युमिनियम इतकं साठलं की तिथे बॉक्साइटच्या खाणी झाल्या.

वाहून गेलेल्यांची निवड पुन्हा मिठागरात होते. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्याची मिठागरं प्रसिद्धच आहेत. वाफ्यात समुद्राचं पाणी आटू लागलं की कॅल्शियम जिप्सम होऊन आधी तळाशी बसतं, नंतर सोडियम आणि क्लोरीनचं मीठ धरतं. मॅग्नेशियम बहुतेक सगळं शेवटच्या कडू पाण्यात उरतं. थोडं खड्यांना चिकटून घरी येतं. त्याचं क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं.