थॉमस स्टॅनली की विल्यम स्टॅनली? बॉसवर्थला नक्की कोण फिरला

इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या लढाईबद्दल (राजा तिसरा रिचर्ड विरुद्ध गादीवर हक्क सांगणारा हेन्री ट्यूडर) काहीही वाचायला घ्या, "ऐनवेळी स्टॅनली फिरला आणि तिसरा रिचर्ड मेला" हे हमखास सापडतं. आता हा स्टॅनली कुठला ते कोणी सांगत नाही, कारण २२ ऑगस्ट १४८५ ला तिथे दोन सख्खे भाऊ आपापली फौज घेऊन उभे होते, थोरला लॉर्ड थॉमस आणि धाकटा सर विल्यम, आणि लोक दोघांनाही दगाबाज म्हणून मोकळे होतात.

थॉमस म्हणजे ताकाला तूर लागू न देणारा माणूस. १४५९ ला, लँकेस्टर आणि यॉर्क ही दोन घराणी गादीसाठी भांडत असताना, ब्लोर हीथला लँकेस्टरवाल्यांची फौज आणि यॉर्कवाल्यांचा अर्ल ऑफ सॉल्झबरी (थॉमसचा सासरा बरं का) समोरासमोर आले, तेव्हा ह्याने लँकेस्टरच्या सहाव्या हेन्रीच्या राणीला, मार्गारेटला, "येतोच" म्हणून कळवलं आणि दोनेक हजार माणसं घेऊन सहा मैलांवर बसून राहिला. लढाई सासऱ्याने मारली, तर लगेच त्याला अभिनंदनाचं पत्र. पार्लमेंटमध्ये ह्याच्यावर खटला भरा अशी ओरड झाली, पण ह्याला माफी मिळाली. त्याच लढाईत विल्यम मात्र सॉल्झबरीच्या बाजूने उघड लढत होता, त्यामुळे देशद्रोही ठरला आणि जमीनजुमला जप्त.

इथेच दोघांमधला फरक कळतो. पुढे १४७० ला मेव्हणा वॉरिक सहाव्या हेन्रीला परत गादीवर बसवतो तेव्हा थॉमस वॉरिकबरोबर, वर्षभरात यॉर्कचा चौथा एडवर्ड जिंकतो तेव्हा हाच एडवर्डच्या राजवाड्याचा कारभारी! विल्यम तेव्हाही एडवर्डला जाऊन मिळालेल्यांत होता.

मग १४८३ ला एडवर्डच्या भावाने, रिचर्डने, पुतण्याला बाजूला सारून गादी घेतली. एडवर्डचा जुना साथीदार हेस्टिंग्ज, त्याचं डोकं उडवलं त्याच दिवशी थॉमसलाही पकडलं होतं, तरी महिन्याभरात हा राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत मानाने चालतोय. आणि ह्याची दुसरी बायको कोण, तर मार्गारेट बोफर्ट, म्हणजे हेन्री ट्यूडरची आई! ती मुलासाठी रिचर्डविरुद्ध कट करते, पकडली जाते, आणि तिच्या जमिनी शिक्षा म्हणून नवऱ्याच्याच ताब्यात दिल्या जातात, आता बोला.

बॉसवर्थच्या आधी रिचर्डने बोलावलं तर थॉमसने घामाच्या तापाचं (तेव्हाची एक साथ) कारण सांगून टाळलं. रिचर्डने त्याचा मुलगा जॉर्ज ओलीस धरलेला, त्यामुळे बिचाऱ्याची अडचण खरी होती हे मान्य, पण माझ्या मते जॉर्ज नसता तरी हा तळ्यात-मळ्यातच करत बसला असता. लढाईत ह्याच्या माणसांनी काही केलं असा धड पुरावा नाही. रिचर्ड थोडे स्वार घेऊन थेट हेन्रीच्या अंगावर गेला, हेन्रीचा झेंडेकरी पडला, आणि तेव्हा मधे घुसली ती विल्यमची फौज. म्हणजे रिचर्डचा जीव घेणारा स्टॅनली हा विल्यम. तो आधीच उघड गद्दार जाहीर झालेला होता, त्यामुळे "ऐनवेळी फिरला" हे त्याला तितकंसं लागू पण होत नाही. हां, रिचर्डने त्याला होल्टचा किल्ला दिला होता आणि खाल्ल्या मिठाला तो जागला नाही हेही खरंच, पण एडवर्डच्या मुलांची गादी लाटणाऱ्याशी इमान ठेवायला तो बांधील नव्हता असं मला वाटतं.

मुकुट हेन्रीच्या डोक्यावर ठेवला तो थॉमसने, निदान गोष्ट तरी तशीच सांगतात, आणि दोन महिन्यांत साहेब अर्ल ऑफ डर्बी. (आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची डर्बी ती ह्याच घराण्याच्या किताबावरून, बाराव्या अर्लने इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या शर्यतीचं नाव इथवर आलं.) विल्यमला नव्या राजाच्या दरबारात लॉर्ड चेंबरलेनचं पद मिळालं, पण अर्लपद नाही.

नंतर पर्किन वॉरबेक नावाचा तोतया निघाला, मी एडवर्डचा धाकटा मुलगा म्हणत. विल्यम म्हणे एवढंच बोलला की तो खरंच एडवर्डचा मुलगा असेल तर मी त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. फुटलेल्या साथीदाराने हे राजाला सांगितलं आणि फेब्रुवारी १४९५ ला लंडनच्या टॉवर हिलवर विल्यमचं मुंडकं उडवलं. होल्टच्या किल्ल्यात सापडलेली घसघशीत रोकड सरकारजमा झाली.

त्याच उन्हाळ्यात हेन्री लँकशरला लॅथमला आई आणि सावत्र बापाकडे मुक्कामाला गेला, आणि थॉमसने त्याची सरबराई केली. तो १५०४ पर्यंत जगला, अंथरुणातच गेला.