हळद आणि दारुहळद: नावावर जाऊ नका

काकूला साखर निघाली तेव्हा शेजारणीनं सांगितलं, "दारुहळद घ्या वहिनी, हळदच हाय की ती." काकूनं कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून पूड आणली आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीसोबत सुरूही केली. आठवड्यात पोट बिघडलं. तेव्हापासून हा फरक मी भेटेल त्याला सांगते.

हळद म्हणजे आल्याच्या कुळातला कंद. सांगलीची हळद आपल्या घरोघरी असते, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दारुहळदीतला 'दारु' म्हणजे संस्कृतातलं लाकूड. हिमालयातल्या काटेरी झुडपाचं हे पिवळं खोड नि मूळ. रंग सोडला तर नात्यागोत्याचं काही नाही. हळदीचा पिवळा कर्क्युमिनचा, दारुहळदीचा बर्बेरिनचा. जिभेवर चिमूट ठेवा: हळदीला वास आहे, दारुहळद नुसती कडूजहर.

मधुमेहात बहुतेकदा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो: शरीरात साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. बर्बेरिन पेशीतलं एएमपीके हे एन्झाइम जागं करतं. मग यकृत साखर कमी बनवतं, स्नायू जास्त उचलतात. मेटफॉर्मिनची वाटही बरीचशी हीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत ५०० मिलिग्रॅम बर्बेरिन दिवसातून तीनदा, असं तीन महिने दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.५ वरून ७.५ टक्क्यांवर आली, मेटफॉर्मिनइतकीच. चाचणी लहान होती, ३६ रुग्णांची. तरी बर्बेरिनला औषधच मानायला हवं. ते इतर औषधांचा निचरा करणारी यकृतातली एन्झाइम्स अडवतं, साखरेच्या गोळ्यांवर वरून घेतलं तर साखर फार उतरू शकते, आणि गरोदर बाईनं तर घेऊच नये.

हळदीचं काम सौम्य, मुख्यतः शरीरातला दाह कमी करण्याचं. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांवर नऊ महिने चाचणी झाली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिन घेणाऱ्यांत एकालाही नाही. पण तो रोजचा दीड ग्रॅम अर्क होता. पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल! तांबड्या रश्श्यातल्या चिमटीकडून ती अपेक्षा नको.

काकूनं शेवटी ती पुडीच डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी आधी पूड थांबवली, मग गोळीचा डोस तपासला.